संशोधन अनुदान कुणापर्यंत पोचलं: मराठवाड्यातल्या एका इन्क्युबेशन सेंटरचं प्रकरण

सेंटरचं (म्हणजे नव्या आणि लहान उद्योगांना उभं राहायला मदत करणाऱ्या केंद्राचं) नाव, योजनेचं नाव आणि अर्जदारांची ओळख पटेल असे तपशील मुद्दाम काढलेत. मी त्या सेंटरला मेंटर म्हणून जोडलेला होतो आणि दुसऱ्या फेरीचे नियम ज्या छोट्या गटाने बसून लिहिले त्यात होतो, त्यामुळे आतल्या चर्चा माहिती आहेत. लिहायचं कारण असं की लहान उद्योगांच्या संशोधन अनुदानावर आपल्याकडे भांडण कायम "मंजूर कुणाचं झालं" यावरच होतं, आणि या प्रकरणात खरी गळती मंजुरीच्या कितीतरी आधी झालेली सापडली.

पार्श्वभूमी

लहान उद्योगाला संशोधनासाठी सरकारने पैसा द्यायचा ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेने १९८२ मध्ये कायदा करून मोठ्या सरकारी खात्यांच्या संशोधन बजेटमधला ठरावीक हिस्सा लहान कंपन्यांसाठी बाजूला काढायला लावला, एसबीआयआर म्हणतात त्याला, २०१७ पर्यंत तो हिस्सा ३.२ टक्क्यांवर गेला. आपल्याकडे बायोटेक्नॉलॉजी विभागाने २००५ मध्ये त्याच धर्तीची एसबीआयआरआय योजना सुरू केली, २०१२ मध्ये त्याच विभागाची बायरॅक ही संस्था आली, मग निधी-प्रयास, डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची) प्रिझम, २०२१ ची स्टार्टअप इंडिया सीड फंड, २०२२ ची एमएसएमई इनोव्हेटिव्ह, बरंच काही आलं. यातल्या बऱ्याच योजनांत पैसा दिल्लीहून थेट उद्योगाच्या खात्यात जात नाही, मधे एक इन्क्युबेशन सेंटर असतं आणि कुणाला किती द्यायचे हे त्या सेंटरची समिती ठरवते. म्हणजे वाटप न्याय्य झालं की नाही हे शेवटी चार-पाच माणसांच्या एका खोलीतल्या बैठकीवर येतं.

आपलं हे सेंटर छत्रपती संभाजीनगरातल्या एका अनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात. केंद्राच्या एका योजनेतून त्यांना पहिल्या हप्त्यात साधारण एक कोटी मिळाले, एका युनिटला जास्तीत जास्त १५ लाख, नवीन मशीन किंवा नवीन प्रक्रियेचा प्रोटोटाइप, म्हणजे पहिला चालता नमुना, करण्यासाठी. समितीत दोन प्रोफेसर, एक निवृत्त बँक अधिकारी, दोन उद्योजक. कागदावर सेंटरचं कार्यक्षेत्र मराठवाड्याचे आठही जिल्हे.

पहिल्या फेरीत साठेक अर्ज आले, नऊ मंजूर झाले. नऊपैकी सात वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या संभाजीनगरच्याच औद्योगिक पट्ट्यातले, एक जालन्याचा, एक लातूरचा. बीड, धाराशिव, परभणी, नांदेड, हिंगोली, काहीच नाही.

मराठवाड्यात हे आकडे टोचणारच. १९८४ च्या दांडेकर समितीपासून आपण अनुशेष (विकासातली विभागवार तूट) मोजतोय, घटनेच्या ३७१ कलमाखाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ झालं, २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला, एप्रिल २०२० ला मंडळाची मुदत संपली ती संपली. सगळं मुंबई-पुण्याला जातं हे आपण तीन पिढ्या बोलतोय, आणि विभागाच्या आतसुद्धा तेच चित्र उमटायला लागलं तर हिंगोलीच्या माणसाने कुणाकडे बघायचं.

प्रॉब्लेम कसा वर आला

दोन गोष्टी एकाच महिन्यात झाल्या. नांदेडच्या उद्योजकांचं एक सह्यांचं पत्र आलं की जिल्हानिहाय वाटप जाहीर करा. आणि जालन्याच्या एका फॅब्रिकेटरने माहिती अधिकारात अर्ज टाकला: मला किती मार्क, मंजूर झालेल्यांना किती, आणि बैठकीचं इतिवृत्त द्या.

पत्राला उत्तर देणं सोपं होतं, आकडे लपवण्यासारखे नव्हतेच. आरटीआयवर मात्र समितीत जुंपली, आणि पहिला निर्णयबिंदू मी याला मानतो. एक मत असं की कलम ८(१)(घ) मध्ये व्यापारी गुपिताला संरक्षण आहे, प्रस्तावात लोकांचे डिझाइन आहेत, तेव्हा माहिती नाकारावी. बँकेतून रिटायर झालेले सदस्य म्हणाले की त्याच कायद्याच्या कलम ४(१)(घ) मध्ये लिहिलंय, निर्णयाचा ज्याच्यावर परिणाम होतो त्याला कारणं सांगायची, आणि तीही त्याने न मागता. ३० दिवसांची मुदत असते, आपण नाकारू, तो अपिलात जाईल, तिथे आपल्याला द्यावंच लागेल, मग आत्ताच का नाही? शेवटी असं ठरलं की त्याचा स्वतःचा पूर्ण मार्कशीट शेऱ्यांसकट द्यायचा, बाकीच्यांचे फक्त एकूण मार्क आणि गाव, तांत्रिक भाग झाकून.

त्याच्या मार्कशीटवर शेरा एकच होता. "प्रेझेंटेशन कमकुवत." या माणसाने रोलिंग मिलमधल्या गरम सळ्या पुढे सरकवणाऱ्या यंत्रणेत बदल सुचवला होता आणि त्याचं मॉडेल स्वतःच्या शेडमध्ये चालवून बघितलेलं होतं, ते बघायला समितीतलं कुणी गेलेलंच नव्हतं, कारण प्रक्रियेत भेट हा प्रकारच नव्हता. दहा मिनिटांची पीपीटी आणि पाच मिनिटं प्रश्न. नवीनतेला ३०, बाजारपेठेला २५, टीमला २०, पेटंट अर्जाला १५, सादरीकरणाला १०. टीमचे मार्क म्हणजे प्रत्यक्षात डिग्रीचे मार्क झाले होते. पेटंटचे १५ मार्क तर ज्याला वकील परवडतो त्याच्याच खिशात जाणार हे उघड होतं.

माणसं नेमकी कुठं गळाली

इथे सेंटरच्या ऑफिसमधल्या एका मुलीने केलेलं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिच्याकडे चौकशीचं रजिस्टर होतं, कुणाचा फोन आला, कुठून, काय विचारलं. तिने फोन करणारे, अर्ज भरणारे, छाननीत पास झालेले, प्रेझेंटेशनला आलेले आणि मंजूर झालेले असे पाच टप्पे जिल्ह्यानुसार एका शीटवर मांडले. सगळ्यांना वाटत होतं की समितीने बाहेरच्यांना मार्क कमी दिले असणार. शीट बघितल्यावर दिसलं की जे प्रेझेंटेशनपर्यंत पोचले त्यांच्यात संभाजीनगर आणि बाकी जिल्हे असा फार फरक नाही. फरक पहिल्या दोन टप्प्यांत होता. बीड, नांदेड, लातूरहून फोन भरपूर आलेले, अर्ज त्याच्या निम्मेही नाहीत, आणि आलेल्या अर्जांतले बरेच छाननीतच बाद.

मग आम्ही रजिस्टरमधल्या लोकांना उलटे फोन केले, का नाही भरला म्हणून. कारणं ऐकून डोकं सुन्न झालं, कारण त्यात कल्पनेचा, अभ्यासाचा, हुशारीचा संबंधच नव्हता.

फॉर्म इंग्रजीत, वीसेक पानी, त्यात टीआरएल किती हे विचारलेलं, म्हणजे तुमचं तंत्रज्ञान १ ते ९ पैकी कोणत्या पायरीवर आहे. तीन जीएसटी कोटेशन हवेत, पण प्रोटोटाइपचा पार्ट जो एकच टर्नर करून देतो त्याचे तीन कोटेशन आणायचे कुठून. दोन वर्षांचा ऑडिट केलेला ताळेबंद. आणि बरेच जण प्रोप्रायटरशिपवाले. स्टार्टअपची सरकारी मान्यता प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), नोंदणीकृत भागीदारी अशांना मिळते, एकट्या मालकाच्या फर्मला मिळत नाही, आणि आपल्याकडच्या एमआयडीसीतलं छोटं शेड बघा, दहापैकी किती जण कंपनी करून बसलेत? आमच्या योजनेत मुळात उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) चालत होती, तरी सेंटरच्या फॉर्मवर स्टार्टअप मान्यता क्रमांकाला लाल चांदणी होती, तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. दुसऱ्या कुठल्यातरी योजनेचा फॉर्म घेऊन बनवलेला असणार.

सगळ्यात जड अट मात्र पैशाची होती. आधी खर्च करा, बिलं लावा, मग आम्ही परतावा देऊ. लातूरचे एक वर्कशॉपवाले, साठीच्या आसपासचे, दालमिलची मशिनरी बनवतात, ते फोनवर जे म्हणाले ते मी तसंच लिहून ठेवलं: "सर, आम्ही बारा वर्षांपासून मशीन बनवायलो. कागद बनवायला नाही जमलं कधी. अन् सहा लाख आधी घालायला माझ्याकडं असते तर मी तुम्हाला कशाला मागितले असते?"

त्यांचं गणित समजून घेतलं. तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात यायला लागली की मिलवाल्यांच्या ऑर्डरी सुरू होतात, त्या पुऱ्या करण्यासाठी बँकेची सीसी लिमिट (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा) पूर्ण उचललेली असते, मिलवाले उधारीवर नेतात. कायद्याने लहान उद्योगाचं पेमेंट ४५ दिवसांत व्हायला पाहिजे, प्रत्यक्षात सीझन संपल्यावर पैसे येतात. त्यात सहा लाख प्रोटोटाइपमध्ये अडकवायचे आणि परतावा पहिल्या फेरीतल्या लोकांना मिळाला तसा चार-पाच महिन्यांनी. वाळूजच्या ज्या कंपनीला मोठ्या गाडी कारखान्याची ठरलेली ऑर्डर आहे तिला हे जमतं. या अटीत कुठेही जिल्ह्याचं नाव नाही, तरी ती जिल्हे गाळत होती.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय पत्रातलाच, जिल्हानिहाय कोटा. आठ जिल्हे, प्रत्येकाला समान. भावनेला पटणारा आणि जाहीर करायला सोपा. पण फॉर्म आणि परताव्याची अट तशीच ठेवून कोटा केला असता तर प्रत्येक जिल्ह्यातला ज्याच्याकडे आधीच सीए, कन्सल्टंट आणि भांडवल आहे असा एकेक जण आत आला असता, शेडवाला बाहेरच राहिला असता. शिवाय हिंगोलीतून पहिल्या फेरीत दोनच अर्ज होते. अमेरिकेत एसबीआयआरला राज्यनिहाय कोटा नाही, त्याऐवजी जिथून कमी अर्ज येतात अशा राज्यांत लोकांना अर्जासाठी तयार करायला फास्ट नावाचा वेगळा कार्यक्रम आहे, म्हणजे पैसा वाटपाच्या आधीच्या टप्प्यावर घातलेला. तो विचार आम्हाला जास्त जवळचा वाटला.

दुसरा पर्याय चिठ्ठीचा. किमान पात्रता पार केलेल्या सगळ्यांची नावं डब्यात टाकून काढायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने काही अनुदानांसाठी हे केलंय, ब्रिटिश अकॅडमीनेही २०२२ पासून छोट्या अनुदानांना सुरू केलं. कारण असं की वरचे आणि खालचे अर्ज समितीला नीट ओळखता येतात, मधल्या गठ्ठ्यात ६८ आणि ७१ मधला फरक खरा नसतो, त्या दिवशी कोण सदस्य किती दमलेला होता त्याचा असतो. आणि त्या फरकाचे परिणाम लांब जातात. नेदरलँड्समधल्या २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं की कटऑफच्या जरा वर राहिलेल्या तरुण संशोधकांना पुढच्या आठ वर्षांत जरा खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून जास्त अनुदान मिळालं. पूर्ण चिठ्ठीला समितीतला एकही जण तयार नव्हता, सरकारी पैशाचं उत्तर द्यावं लागतं असं म्हणाले, ते मला मान्य आहे.

तिसरा पर्याय रक्कम फोडण्याचा. एकदम १५ लाखांपर्यंतची रक्कम नऊ जणांना देण्याऐवजी आधी दोन-दोन लाख वीस जणांना, त्यात जे काहीतरी करून दाखवतील त्यातल्या पाच-सहा जणांना मोठी रक्कम. याच्या बाजूने चांगला पुरावा होता. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या एसबीआयआर अनुदानांवर २०१७ मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात असं निघालं की पहिल्या टप्प्याच्या छोट्या अनुदानाने कंपनीला पुढे गुंतवणूक मिळायची शक्यता जवळपास दुप्पट झाली, दुसऱ्या टप्प्याच्या मोठ्या रकमेचा तसा परिणाम दिसला नाही, आणि फायदा सगळ्यात जास्त पैशाची चणचण असलेल्या कंपन्यांना झाला. कारण पहिल्या पैशातून प्रोटोटाइप होतो आणि प्रोटोटाइप बघून पुढचा माणूस विश्वास ठेवतो.

चौथा पर्याय म्हणजे फॉर्म, अटी आणि मार्कशीट बदलायची, बाकी काही न करता.

संशोधन कशाला म्हणायचं

या पर्यायांवर बोलताना एका प्रोफेसरांनी जो आक्षेप घेतला त्यावर एक अख्खी बैठक गेली, आणि ती गेली ते बरं झालं. त्यांचं म्हणणं, हा संशोधनाचा पैसा आहे, तुम्ही त्याला उद्योगधंद्याला मदत बनवायलात. दालमिलचा रोलर सुधारणं म्हणजे रोजची मेस्त्रीगिरी, त्याला रिसर्च ग्रँट दिली तर उद्या वेल्डिंग मशीन घ्यायलाही मागतील. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. संशोधनाची रेषा पुसली तर सगळ्यात आधी दलाल आत येतात.

त्यांनी स्वतःच कसोटी आणली, संशोधन मोजण्यासाठी जगभर वापरतात ते फ्रास्काटी मॅन्युअल, २०१५ च्या आवृत्तीतल्या पाच अटी. काम नवीन असावं, सर्जनशील असावं, निकाल आधी माहीत नसावा, पद्धतशीर केलेलं असावं, आणि दुसऱ्याला ते परत करता यावं. आम्ही लातूरच्या त्या वर्कशॉपवाल्या काकांचा प्रस्ताव त्याच पाच अटींवर लावून बघितला.

तूरडाळ बनवायची म्हणजे दाण्याला रोलरवर ओरखडे पाडायचे, तेल लावून मुरवायचं, उन्हात वाळवायचं, मग एमरीच्या (खरखरीत) रोलरवर घालून टरफल काढायचं. दाण्यात डाळीचा भाग साधारण ८५ टक्के असतो, मिलमध्ये हाती लागते ७०-७५ टक्के, मधला माल चुरीत आणि भुश्शात जातो. काकांचं म्हणणं असं की रोलर एकाच वेगाने फिरतो म्हणून दाणा फुटतो, माल घट्ट पडला की मोटरवर लोड वाढतो, तेव्हा तो लोड बघून वेग आपोआप कमी-जास्त झाला तर चुरी कमी होईल. किती कमी होईल? "ते चालवल्याबिगर कसं सांगू?" निकाल आधी माहीत नाही, ही अट तिथेच पुरी झाली. नवीनता होती. अडलं ते पद्धतशीर या अटीवर, कारण त्यांनी आजवर केलेल्या चाचण्यांची नोंदच नव्हती, सगळं डोक्यात. प्रोफेसर म्हणाले, मग नोंद ठेवायला शिकवणं हे आपलं काम आहे. त्या वाक्यानंतर बैठकीचा नूर बदलला. मार्कशीट त्या पाच अटींवर लिहिली गेली आणि डिग्री, पेटंट, सादरीकरण हे तिन्ही रकाने गेले.

काय ठरलं, काय केलं

तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र घेतले, चिठ्ठी फक्त बरोबरीच्या जागांसाठी ठेवली, कोटा घेतला नाही.

नियम बदलण्याआधी एक काम केलं जे मी प्रत्येक सेंटरला सुचवीन: प्रत्येक अटीसमोर ती कुठून आली ते लिहिलं. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतून, सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतून, की आपल्याच मॅन्युअलमधून. परताव्याची अट सगळ्यांना दिल्लीची वाटत होती. वित्तीय नियम २०१७ मध्ये अनुदानाचा हिशोब म्हणून उपयोगिता प्रमाणपत्र मागितलंय, आधी स्वतःचे घाला मग मागा असं आमच्या योजनेत कुठंच नव्हतं, ती अट सेंटरच्याच अकाउंट्सवाल्यांनी सेफ राहायला म्हणून घातलेली. तीन कोटेशनचंही तेच, लहान रकमेला एकाच पुरवठादाराकडून का घेतलं याचं लेखी कारण चालत होतं. ऑडिट ताळेबंद दोन लाखांपर्यंत लागतच नव्हता, बँक स्टेटमेंट आणि उद्यम पुरेसं होतं. जड अटींपैकी बहुतेक आमच्या घरच्याच निघाल्या आणि म्हणून आमच्याच सहीने काढता आल्या.

मग दुसऱ्या हप्त्याच्या एक कोटीतले ४० लाख वीस जणांना दोन-दोन लाख असे पहिल्या पायरीला ठेवले, उरलेले दुसऱ्या पायरीला. पहिल्या पायरीची निम्मी रक्कम मंजुरीनंतर लगेच खात्यात, वेगळं खातं उघडून, उरलेली निम्मी पहिल्या निम्म्याचा हिशोब दिल्यावर. फॉर्म मराठीत, तीन पानी, लिहायला अडचण असेल त्यांना मोबाइलवर व्हिडिओ करून पाठवायची सोय. अर्जाची मुदत ४५ दिवस. लातूर, नांदेड, जालना, बीड, परभणी इथे एमआयडीसीतल्या असोसिएशनच्या हॉलमध्ये फॉर्म भरायचे कॅम्प लावले. छाननी झालेल्या प्रत्येकाच्या जागेवर दोन सदस्यांची भेट, आणि मार्क भेटीनंतरच. ज्याला मागच्या तीन वर्षांत दुसरं सरकारी संशोधन अनुदान मिळालंय त्यांची वेगळी रांग, तिथे वीसपैकी चारच जागा. सदस्याचा अर्जदाराशी धंद्याचा संबंध असेल तर त्याने खोलीबाहेर जायचं आणि तसं इतिवृत्तात लिहायचं. ही शेवटची अट पहिल्याच बैठकीत लागली, एका उद्योजक सदस्याला तीनदा बाहेर जावं लागलं आणि ते गेले. नाकारलेल्या प्रत्येकाला मार्कशीट कारणांसकट घरपोच, न मागता.

रांगेच्या नियमावर सगळ्यात जास्त वाद झाला. त्यात वाळूजची एक सेन्सर बनवणारी कंपनी अडकली, तांत्रिकदृष्ट्या आलेल्या सगळ्या अर्जांतल्या भारी काहींपैकी एक, पण त्या चार जागांतल्या दुसऱ्यांचे मार्क किंचित जास्त आले. ते लोक नाराज होऊन पुण्याच्या एका सेंटरला गेले. संशोधनाचा पैसा उत्तम कल्पनेलाच गेला पाहिजे असं मानणाऱ्याला हे नुकसानच वाटणार आणि ते नुकसान आहेच. मी तेव्हाही नियमाच्या बाजूने होतो, आजही आहे, कारण त्यांना दुसरी दारं होती.

निकाल

अर्ज जवळपास दुप्पट झाले. वीसपैकी आठ संभाजीनगर, चार लातूर, तीन जालना, नांदेड आणि बीड प्रत्येकी दोन, परभणी एक. शेवटच्या दोन जागांना पाच जणांचे मार्क सारखे, तिथे सगळ्यांना बोलावून त्यांच्यासमोर चिठ्ठ्या काढल्या. ज्यांची निघाली नाही ते शांतपणे हात मिळवून गेले, त्यातल्या एकाने सांगितलं की मला कुणी कमी लेखलं नाही एवढं कळलं, पुरे. धाराशिव आणि हिंगोली या फेरीतही शून्यच. कॅम्प तिथे लावलेच नव्हते, आणि आकडे तेच सांगतात.

काकांच्या रोलरचं काय झालं ते जवळून बघितलं. एकच तुरीचा लॉट अर्धा-अर्धा केला, एक जुन्या रोलरवर, एक नव्यावर, आणि बाहेर पडलेलं सगळं वेगवेगळं तोललं, डाळ, गोटा (न फुटलेला अख्खा दाणा), चुरी, टरफल. नोंदवही त्यांच्या नातीने ठेवली, अकरावीला आहे ती. चांगल्या वाळलेल्या मालात चुरी स्पष्ट कमी आली. मग अवकाळी पाऊस झाला, वाळवण नीट झालं नाही, आणि त्या मालावर दोन्ही रोलरचा फरक शून्य. काका दोन दिवस गप्प होते. पण नोंदवहीतूनच त्यांना कळलं की वेगाच्या आधी दाण्याचा ओलावा मोजायला पाहिजे, आणि दुसऱ्या पायरीचा त्यांचा प्रस्ताव ओलाव्यावर लिहिलेला होता. तो मंजूर झाला. ज्या प्रोफेसरांनी मेस्त्रीगिरी म्हटलं होतं त्यांनीच त्यासाठी मीटर जुळवून दिला.

बीडकडच्या बालाघाटात सीताफळाचा गर काढणाऱ्या बायकांच्या गटाचं असं सरळ नाही झालं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण गर काढला की काळा पडतो आणि गरम केला की कडू होतो, ही त्यांची खरी अडचण. दोन लाखांत परभणीतल्या एका लॅबकडून चाचण्या करून घेतल्या, रंग टिकवायची रीत मिळाली, दुसऱ्या पायरीत गोठवण्याचं युनिटही मंजूर झालं. पण त्या पायरीचा पैसा वरून मार्चएंडला आला, सीताफळाचा सीझन दिवाळीच्या आसपासच संपलेला. अख्खं वर्ष वाया. गटातल्या ताईंनी विचारलं, "झाडाला कुठं कळतंय आर्थिक वर्ष?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या पायरीच्या सहांत तीन संभाजीनगरचे, एकेक लातूर, जालना, बीड. जालन्याचा तो आरटीआयवाला फॅब्रिकेटर, तोच. पहिल्या पायरीतल्या वीसपैकी तिघांचा हिशोब आलाच नाही, त्यातला एक फोन उचलत नाही. समितीत लगेच सूर निघाला की बघा, आगाऊ दिले की असं होतं. तीन जणांचे पहिले निम्मे म्हणजे तीन लाख. पहिल्या फेरीत परताव्याच्या अटीमुळे एक रुपया बुडाला नव्हता, पण तेव्हा काकांसारखे लोक आतच आले नव्हते, आणि ते नुकसान कुठल्या हिशोबात लिहिलं जात नाही म्हणून दिसत नाही. हे तीन लाख बाकीचे सतरा जण आत येण्याची किंमत म्हणून मला जास्त वाटत नाहीत. वसुलीची नोटीस मात्र जायलाच पाहिजे आणि ती गेली.

परत करायचं झालं तर

धाराशिव आणि हिंगोलीत कॅम्प आधी, बाकी ठिकाणी नंतर. चौकशीचं रजिस्टर पहिल्या दिवसापासून जिल्हा, फर्मचा प्रकार आणि आधी अनुदान मिळालंय का या रकान्यांसकट ठेवायचं, म्हणजे फेरी संपायच्या आत गळती दिसेल. भेटीला गेलेल्या दोघांनी एकाच गाडीत परत येताना मार्कांवर बोलायचं नाही, वेगवेगळे भरायचे. आमच्याकडे दोघांचे मार्क संशय येण्याइतके सारखे येत होते.

अर्जाची तारीख सेंटरच्या सोयीने न ठेवता पिकाच्या आणि धंद्याच्या सीझनवरून ठरवायला पाहिजे, फळप्रक्रियेची वेगळी, दालमिल-जिनिंगची वेगळी. पैसा वरून उशिरा येणार हे धरून सेंटरने स्वतःच्या निधीतून आधी उचल द्यावी आणि नंतर वळती करावी असा प्रस्ताव गेलाय, कॉलेजच्या व्यवस्थापनाने अजून हो म्हटलेलं नाही.

आणि बचत गटाचा प्रश्न राहतोच. बीडच्या गटाची उद्यम नोंदणी एका ताईंच्या नावावर काढलेली होती, त्यामुळे अनुदान कायद्याने त्या एकट्यांचं आणि जबाबदारीही त्यांचीच, काम मात्र सगळ्या जणींचं. उद्या गटात वाद झाला तर फ्रीझर कुणाचा? आत्तापुरता गटाचा लेखी ठराव फाइलला लावलाय. पुढच्या फेरीसाठी गटाला शेतकरी उत्पादक कंपनी म्हणून नोंदवायला सांगायचं की सेंटरने गटासोबत थेट करार करायचा यावर समितीत एकमत झालेलं नाही, पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच आहे.